पहिली पट्टी

बाबा, माझं मशीन गेलं. तुझं नाही, तुझं अजून धडधाकट आहे, त्याच्याकडे. माझं, मी स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं, लाल रंगाचं, पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं मशीन. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन ओट्यावर मांडली, खुरपी, कातऱ्या, फवारणीचा पंप आणि मधोमध मशीन, जसं तू मांडायचास. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला सकाळी ते टेंपोत चढवलं, वाशीच्या एका सोसायटीत उतरवलं आणि माळ न काढताच दोरी ओढली. माळ घसरून पात्यात गेली, फुलांचा भुगा उडाला, वॉचमन हसला, मीही हसले. पुढे काही दिवसांनी इंजिन जागच्या जागी बसलं. तुर्भ्याच्या मेकॅनिकने मशीन उलटं केलं तेव्हा पात्याच्या दांड्याभोवती माळेचा नायलॉनचा दोरा घट्ट वळलेला निघाला. त्याने आतलं सील कापलं होतं, तेल गळून गेलं होतं आणि मी कोरडं इंजिन तसंच पळवत राहिले होते. "ताई, पूजा जरा जास्तच झाली," तो म्हणाला. तू माळ नेहमी केळीच्या सालीच्या दोऱ्यात ओवायचास, आणि मला वाटायचं, काय हा कंजूषपणा.

पण मी लिहायला बसले ती मशीनच्या दुखवट्यासाठी नाही. मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि त्याच्यावर जळते, म्हणून बसले आहे. सरळच सांगते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता लपवून दाखवायचं कुणाला? तो म्हणजे तुझा तो, साताऱ्याकडून आलेला. तुझ्या हाताखाली लागला तेव्हा माझ्याच वयाचा होता, पायात मोठे बूट आणि तोंडात सारखं 'काका, काका'. तो तुला अहो-जाहो करायचा. आपल्या घरात देवालाही तू म्हणतात, त्यामुळे त्याचं ते 'तुम्ही' तुला फार गोड लागायचं. तो आला की तू ओट्यावर सरकून त्याला जागा करायचास. मी आले की म्हणायचास, "आत जा, आयला मदत कर."

आपल्या शेतांवर शहराचे सेक्टर उभे राहिले आणि तू भात लावायचा सोडून सार्वजनिक बागेत माळी झालास, तेव्हा मी शाळेत होते. गावातून शाळेपर्यंत रस्त्यावर ट्रकांची रांग असायची, कारखान्यातून सुटलेल्या पाळीची माणसं टपऱ्यांवर उभी असायची. तू रोज दारात उभा राहून तेच सांगायचास, "खाली बगून जायाचा, खाली बगून यायाचा." मी तशीच गेले आणि तशीच आले. कॉलेज केलं, कॉम्प्युटर शिकले, ऐरोलीच्या आयटी पार्कात बॅक ऑफिसला लागले. तू गावभर पेढे वाटलेस. मग तू निवृत्त झालास, स्वतःची कामं घ्यायला लागलास, सेकंडहँड का होईना पण रोलरचं मशीन आणलंस, आणि योगायोग बघ, त्याच पार्कातलं समोरचं लॉन तुला मिळालं. मला केवढा आनंद झाला होता. वाटलं, आता बाप-लेक एकाच ठिकाणी कामाला.

एकाच ठिकाणी म्हणजे मी चौथ्या मजल्यावर काचेच्या आत आणि तू काचेबाहेर खाली. मी स्क्रीनवरून मान वळवली की तुम्ही दोघं दिसायचात. तो मशीन धरून चालला आहे, तू बाजूने, हात मागे बांधून. मशीनमागे गवतात एक पट्टी फिकी, एक पट्टी गडद, पुन्हा फिकी. आवाज काचेतून येत नसे. दुपारी तुम्ही बहाव्याखाली बसायचात आणि आईने केलेली तांदळाची भाकरी अन् सुक्या बोंबलाची चटणी खायचात. भाकरी आपल्या घरची, चटणी आपल्या घरची, आई माझी, बाप माझा, आणि मी एसीत बसून कँटीनचा पुलाव चिवडते आहे. तू काहीतरी बोलायचास आणि तो मान मागे टाकून हसायचा. काय बोलायचास रे? माझ्याशी घरी तू 'जेवलीस काय' याच्यापुढे कधी गेला नाहीस.

एकदा मला राहवलं नाही. जेवायच्या सुट्टीत खाली आले, ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कार्ड. तुम्ही दोघं अजून हात धूत होतात. मशीन नवीन लॉनच्या कडेला उभं होतं, पहिली पट्टी मारायची बाकी होती. मी दोरी ओढली आणि चालायला लागले. मशीन माझ्यापेक्षा ताकदवान निघालं, पण सोडलं नाही. पार दुसऱ्या टोकाला नेलं. वळून बघितलं तर पट्टी नागमोडी गेली होती, पार्कातली अर्धी माणसं काचेला येऊन बघत होती आणि तू झपाझप चालत माझ्याकडे येत होतास. मला वाटलं रागावशील. निदान रागव तरी. तू फक्त म्हणालास, "हात काढ." मग मशीन त्याच्या हातात दिलंस, आणि त्याने माझ्या पट्टीवरून दुसरी सरळ पट्टी मारली. माझी कुठे होती तेसुद्धा दिसेना. मी वर गेले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. तू त्याला रोज सांगायचास, "पयली पट्टी सरल त सगला सरल." बाकीच्या पट्ट्या पहिलीच्या कडेने जातात, म्हणून ती मारायचा मान मोठा. तो मान तू त्याला दिलास आणि मला दोन शब्द.

दसऱ्याचंही तेच. खंडेनवमीला मशीनला सुट्टी, आणि दसऱ्याच्या सकाळी तू ज्याच्या हातात हँडल देशील त्याने वर्षाची पहिली पट्टी मारायची, ही तुझीच रीत. दर वर्षी मी न्हाऊन, नवी साडी नेसून ओट्यावर उभी राहायचे आणि दर वर्षी हँडल त्याच्या हातात जायचं. शेवटच्या दसऱ्याला तुला उभंही राहवत नव्हतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून तू त्याला म्हणालास, "घेऊन जा. आता तुजाच हाय." आणि मला कातर दिलीस. कुंपण छाटायची कातर. आई अजून म्हणते, "तुना काय कमी केला बापानं?" कातर चांगलीच आहे, धार अजून टिकून आहे.

तू गेल्यावर मी नोकरी सोडली आणि बागकामाची कामं घ्यायला लागले. लोकांना सांगते, मातीची ओढ होती. ओढ कसली, चुरस होती. त्याने एक सोसायटी घेतली की मी शेजारची घ्यायची. त्याच्या माणसांनी टोप्या घातल्या की मी माझ्या माणसांना टी-शर्ट आणायचे. धंदा चांगला चालला, तक्रार नाही. मत्सरावर माणूस एवढा लांब जाऊ शकतो हे कुणी शिकवत नाही. फक्त ऐरोलीचं लॉन त्याच्याकडे राहिलं, तुझ्या मशीनसकट. त्या रस्त्याने जायची वेळ आली तर मी टेंपोवाल्याला दुसरीकडून घ्यायला सांगायचे.

आणि नेमकं माझं मशीन गेलं त्याच सुमारास पार्कातून निरोप फिरला. आता पेट्रोलचं मशीन चालणार नाही, वर लोक कॉलवर असतात, आवाज नको, धूर नको. ज्याला काम हवं असेल त्याने बॅटरीचं मशीन आणून समोरच्या लॉनचा एक तुकडा सगळ्यांदेखत कापून दाखवावा. म्हणजे तुझं मशीन बाद. पहिल्यांदाच तो आणि मी एका रेषेत उभे राहिलो, दोघंही मशीनशिवाय. मी त्याच दिवशी तुर्भ्याला गेले.

दुकानदार भला माणूस. मागच्या आवारात थोडं गवत राखलं आहे, तिथे त्याने दोन मशीनं चालवून दाखवली, दोन्ही बॅटरीवरची. एक हलकं, नुसत्या चाकांचं. मी एकटी ते टेंपोत चढवू शकते. घसरगुंडीच्या पायांमधून फिरेल, कोपऱ्यात वळेल, एक बॅटरी चालू असताना दुसरी वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावता येईल. सकाळच्या ओल्या गवतातही तुंबलं नाही. दुसऱ्याला मागे रुंद लोखंडी रोलर, तुझ्या मशीनसारखा. तो गवत निजवत जातो, म्हणून जाताना एक रंग दिसतो आणि येताना दुसरा. पण जड. चढवायला दोन माणसं लागणार, झाडाभोवती वळणार नाही, सोसायटीच्या चिमूटभर हिरवळीला तर त्याचा उपयोगच नाही. माझी कामं बघता हलकं घ्यायचं, यात दुमत नव्हतं. पार्कवाल्यांनीही बिनआवाजाचं मागितलं होतं, पट्ट्यांचं नाही. मी हलक्यावर हात ठेवलासुद्धा.

"बरोबर निवडलंत मॅडम," दुकानदार म्हणाला. "रोलरवालं तसं पण एकच पीस आहे. ते साताऱ्याचे आहेत ना, ते बघून गेलेत. सोमवारी येतो बोलले. तुमच्या सोसायटीच्या कामाला हेच परफेक्ट."

तुमच्या सोसायटीच्या कामाला. नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं मला.

"बुक केलंय त्यांनी?"

"नाही, बोलून गेलेत फक्त."

"मग रोलरवालं बांधा."

"मॅडम, ते तुम्हाला जड पडेल. मी उगाच..."

"बांधा तुम्ही."

टेंपोत मशीनच्या शेजारी बसून घरी आले. पहिल्या पगाराची साडी घेतली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. सोमवारी तो दुकानात जाईल, मोकळी जागा बघेल, विचारेल, कुणी नेलं? हा प्रसंग मी डोळ्यांपुढे पुन्हापुन्हा आणून बघितला. आईने विचारलं, "एवढा मोठा कनाला आनलास?" मी म्हटलं, कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या लॉनवर चालवलं आणि आनंद तिथेच संपला. बाबा, इतकी वर्षं मी चाकांच्या मशीनने कापत आले. ते वाकडं गेलं तर गवताला कळतं, माणसाला कळत नाही. रोलर मात्र चहाडखोर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुम्ही कुठे कुठे डगमगलात ते सगळं रंगात लिहून ठेवतो. माझी पहिली पट्टी वाकडी, म्हणून दुसरी वाकडी, म्हणून तिसरी. सेक्रेटरी बाई बाल्कनीतून म्हणाल्या, "अहो मॅडम, इथून कुणाची स्कूटर घसरली का?" मी पुसून पुन्हा केलं, पुन्हा तेच. नजर पात्यावर खिळवून, श्वास धरून, पाऊल मोजून टाकलं, तरी तेच. ज्या गोष्टीवाचून माझं कधी अडलं नव्हतं, तिचीच उणीव चव्हाट्यावर आणणारं मशीन मी हौसेने विकत घेतलं होतं, आणि ते सुद्धा त्याला मिळू नये म्हणून. पार्कात दाखवायचा दिवस जवळ आला होता. तीच काच, तेच लॉन. परत ते 'हात काढ' मला ऐकू यायला लागलं.

आईने माझं तोंड बघून ओळखलं. "त्याला बोलव. तो काय परका हाय?"

हेच तर दुखणं. परका असता तर बोलावणं सोपं होतं. शेवटी फोन केला. वाटलं होतं, मशीनवरून टोमणा मारेल. तो म्हणाला, "येतो की ताई. पार्कातच येऊ ना?" बस्स. माणसाने एवढं सरळ असू नये, समोरच्याला वाकड्यात शिरायला जागाच राहत नाही.

दाखवायच्या दिवशी सकाळी, ऑफिसं भरायच्या आधी तो आला. केस पांढरे झालेत त्याचे, बूट तेच. माझ्या माणसांनी मशीन उतरवलं तसा त्याने रोलरवरून तळहात फिरवला, तू फिरवायचास तसा.

"चांगलं घेतलंत. माझा डोळा होता ह्याच्यावर."

"म्हणूनच घेतलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ठाऊक हाय की," तो म्हणाला आणि हसला. "पुढला माल दिवाळीनंतर येणार म्हणतात. मला काय आता जमत न्हाई. तुमी घ्या काम. मशीन आलं की मागच्या बाजूचं लॉन मला द्या, झालं."

मी विचारलं, एवढं सगळं कळूनही तू आलास कसा? त्याने रोलरला चिकटलेलं गवत काढलं. मग म्हणाला, "काकांनीच सांगून ठेवलं होतं. दुखण्यात होते तवा. म्हणाले, तिची पहिली पट्टी वाकडी जाते. बोलवलं तर जा. न बोलवता जाऊ नको, तिला राग येईल."

बाबा, खरं सांगू? एखादीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी तिथेच मनात तुझ्याशी भांडायला लागले. माझी काळजीसुद्धा तू त्याच्याच ताब्यात दिलीस. माझी पट्टी वाकडी जाते हे तुझ्या लक्षात राहिलं होतं, ती कशी सरळ करायची हे तुला ठाऊक होतं, आणि मी तुझ्या उशाशी बसलेली असताना तू ते त्याला सांगितलंस.

तो मशीनमागे उभा राहिला. मी विचारलं, तू नेमकं करतोस काय? "काय न्हाई," तो म्हणाला. "खाली मशीनकडं बघायचं न्हाई. लांब समोर एक खूण धरायची आन् तिच्याकडं चालत सुटायचं. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मान वर." त्याने पलीकडच्या टोकाचा दिव्याचा खांब धरला आणि चालत सुटला. मशीनचा आवाज जेमतेम पंख्याएवढा. मान ताठ, नजर खांबावर. पट्टी दोरी धरल्यासारखी सरळ. तो परत आला, हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आता तुमी. हिच्या कडेनं चला." दुसऱ्या पट्टीला खाली बघावं लागतं, पहिलीच्या कडेला. ते मला येतं. ते मला फार चांगलं येतं.

तो मागच्या गेटने निघून गेला. ऑफिसं भरली, मी त्याच्या पट्टीच्या कडेने एकामागून एक पट्ट्या मारत होते, लोक काचेपाशी येऊन उभे राहिले, काहींनी मोबाइलवर फोटो काढले. मॅनेजर स्वतः खाली आला, लॉनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, काय लाइन मारलीय." त्याने माझ्याशी हात मिळवला. मीही मिळवला. पहिली कुणाची, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काम मला मिळालं. समोरचं लॉन माझं, मागचं त्याचं. समोरची पहिली पट्टी मारायला तो दर सोमवारी लवकर येतो, लोक यायच्या आत जातो. हे असं मीच ठरवलं आहे.

तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते. आम्ही दोघं तुझ्याच हाताखालचे. त्याला तू पहिल्या दिवशी म्हणालास, मान वर, समोर बघ. मला तू रोज दारात उभा राहून म्हणालास, खाली बघून जा, खाली बघून ये. ट्रक होते, टपऱ्यांवरची माणसं होती, तुला भीती वाटत होती, सगळं मान्य. पण रस्ता संपल्यावर तरी सांगायचंस ना, की आता वर बघितलंस तरी चालेल. मशीनचं मी सोडून दिलं बाबा. जुनं आहे, आवाज करतं, त्याच्याकडेच बरं. हे मात्र मला सोडवत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. घरात ठेवलं तर आई म्हणेल वाचून दाखव, आणि आई ते त्याला सांगेल. म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. त्याआधी एवढंच सांगते. गेल्या रविवारी पार्क बंद असताना मी एकटी गेले होते, मशीन आता तिथेच ठेवलेलं असतं. चौथ्या मजल्यावरची माझी जुनी खिडकी खूण म्हणून धरली, मान वर केली आणि चालत सुटले. बरीचशी सरळ आली. मध्ये एकदाच खाली बघितलं, तेवढ्यात वाकडी झाली. सोमवारी त्याला ती दिसली असणार. त्याने ती पुन्हा कापली नाही, तशीच ठेवून तिच्या कडेने दुसरी पट्टी मारून गेला. मला त्याचाही रागच आला.